चार पाऊण तीन

तिन्हीसांजेला आई देवापाशी निरांजन लावायची, तुळशीत पणती ठेवायची आणि वळून फाटकाकडे बघायची. त्या घटकेला आम्ही दोघी बहिणी अंगणात असायलाच हव्यात. मैत्रिणीकडे रेंगाळलो, शिकवणी लांबली, कारण काहीही असो, दिवेलागणीनंतर फाटक वाजलं तर आई रागवायची नाही. नुसती गप्प व्हायची, आणि ते गप्प होणं आम्हाला रागवण्यापेक्षा जड जायचं. भावाला हा नियम नव्हता. तो जेवून पुन्हा मांडवीवर जायचा, दहाला परतायचा, ओट्यावर पायाची काळी वाळू झटकायचा. मांडवीची वाळू काळी, मुरुगवाड्याकडची पांढरी. म्हणून आम्ही रत्नागिरीकर एकाला काळा समुद्र म्हणतो आणि दुसऱ्याला पांढरा समुद्र. दोन्ही मी शेकडो वेळा पाहिले होते, पण उजेडात.

अठरा वर्षं मी रत्नागिरीत राहिले आणि रत्नागिरीची रात्र मला फक्त ऐकून माहीत होती. कौलांवरून मांजर गेल्याचा आवाज, फणसाचं पान पडल्याचा आवाज, आणि वारा पश्चिमेचा असला की खूप लांबून येणारी इंजिनांची धडधड. "होड्या निघाल्या," वडील झोपेतच म्हणायचे. पांघरुणात पडल्या पडल्या मी त्या मोजायचा प्रयत्न करायचे. कोण निघालंय, परत कधी येणार, त्यांची वाट बघत कोण जागं असतं, हे विचारायचं मात्र कधी सुचलं नाही.

शहर रात्री चालत बघावं हे मला कळलं ते फार उशिरा आणि घरापासून फार लांब. लेक टोकियोत नोकरीला होती तेव्हा तिच्याकडे महिनाभर राहिले. एका संध्याकाळी तिनं मला शिंजुकूत एका बाईंच्या हवाली केलं. त्या तिथेच लहानाच्या मोठ्या झालेल्या, साधारण माझ्याच वयाच्या, आणि सात-आठ पाहुण्यांना घेऊन काबुकिचोच्या गल्ल्यांतून फिरवायच्या. काबुकिचो म्हणजे टोकियोचा रात्रभर जागा राहणारा भाग. दिव्यांच्या पाट्या इतक्या, की वर आभाळ आहे याची आठवण राहत नाही. नाव पडलं काबुकी नाटकावरून. महायुद्धात बेचिराख झालेल्या त्या वस्तीत काबुकीचं थिएटर उभारायचं ठरलं होतं. ते कधी उभं राहिलंच नाही, नाव तेवढं राहिलं. हे सांगताना बाईंचा आवाज जरा उतरला. घरातलं एखादं राहून गेलेलं काम सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं.

मग त्यांनी आम्हाला गोल्डन गायमध्ये नेलं. सहा अरुंद बोळ आणि त्यात दोनशेच्या आसपास बार. एकेक बार एवढासा, की सहा-सात माणसं बसली तर गुडघ्याला गुडघा लागतो. बोळाच्या तोंडाशी थांबवून त्यांनी बजावलं, की विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही आणि दार ढकलायचं नाही. काही दारं नेहमीच्या माणसांसाठीच आहेत. त्या पुढे चालल्या. दर दोन दारांआड कुणीतरी मान लववायचं, त्याही लववायच्या, आणि त्यांच्या पाठोपाठ आम्हालाही आत जागा मिळायची. शेवटच्या बारमध्ये त्यांनी एकेकाला विचारलं, तुमच्या गावची रात्र कशी असते? माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "आमचं गाव नऊला झोपतं." बोलता बोलताच कानात ती धडधड आली. मी खोटं बोलले होते. झोपत होतं ते आमचं घर.

त्या गोष्टीला पुढे तीन वर्षं गेली. अधूनमधून ती डोक्यात यायची आणि पुण्याच्या धबडग्यात विरून जायची. गेल्या पौषात आईकडे गेले होते. एक दिवस दुपारी मागच्या दारी चाची आली.

चाची आमच्याकडे बावीस वर्षं मासे घेऊन येत होती. डोक्यावर पाटी, कमरेला पदर घट्ट खोचलेला, सकाळी दहाच्या ठोक्याला मागच्या दारातून हाक, "वयनी, आज सौंदाळा हाय बघा, ताजा." राहते बंदरालगतच्या मिरकरवाड्यात, तिथल्याच दालदी, म्हणजे मासेमारी करणाऱ्या मुसलमान घरातली. आता गुडघे गेले म्हणून घरोघर फिरणं तिनं सोडलंय. ठरलेली पाच-सहा घरं आणि दोन खानावळी एवढ्यांनाच माल देते. त्या दुपारी ती मासे घेऊन आली नव्हती, आईचं पाठीचं दुखणं विचारायला आली होती. मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "चाची, मला एकदा रात्री बंदरावर नेशील?"

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "रात्री? वयनी सोडील तुला?"

माझं वय एक्कावन्न. पण तिचा प्रश्न अगदी खरा होता. आम्ही दोघींनी माजघराकडे बघितलं. आई तांदूळ निवडत होती. ताटातला हात थांबला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पौषातली थंडी आहे. स्वेटर घेऊन जा."

संध्याकाळी स्वेटर कपाटातून तिनंच काढून दिला, आणि देताना एक गोष्ट सांगितली, जी मी आजवर ऐकली नव्हती. १९६६ साली लग्न होऊन ती मुंबईहून आगबोटीनं रत्नागिरीला आली. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट वाटेत कुठे कुठे थांबत रात्री रत्नागिरीसमोर उभी राहिली. आगबोट किनाऱ्याला लागायची नाही. बाहेर समुद्रातच थांबायची आणि उतारू पडावात, म्हणजे छोट्या होडीत उतरायचे. आई वीस वर्षांची. खाली काळंभोर पाणी, वर खाली होणारा पडाव, कुणीतरी कंदील धरलेला, आणि "उडी मारा वहिनी, आम्ही धरतो" म्हणणारे अनोळखी हात. "रात्री दीड वाजता मी मांडवीला पाय ठेवला," आई म्हणाली. "मला अजून आठवतंय. किनाऱ्यावर केवढी माणसं जागी होती." मी विचारलं, हे कधी बोलली का नाहीस? ती म्हणाली, "तुम्ही विचारलं नाहीत."

चाची बाराला मला न्यायला आली. चल बंदरावर, असं मी गृहीत धरलं होतं. ती म्हणाली, आधी स्टँड. पुतण्या रातराणीवर कंडक्टर आहे आणि मुंबईच्या लेकीसाठी सुकटीचं पुडकं त्याच्याकडे द्यायचंय. आम्ही चालत निघालो. दिवसा पाहुण्यांना रत्नागिरी दाखवायची तर आमचा सगळ्यांचा एकच ठरलेला फेरा असतो. टिळकांचं जन्मघर, भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं आणि १९३१ मध्ये सर्व जातींना खुलं झालेलं पतितपावन मंदिर, मग थिबा राजवाडा. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं ते १८८६ मध्ये, राजवाडा मिळाला १९१० मध्ये, आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला, हे मी किती पाहुण्यांना सांगितलं असेल. शेवटी भगवती किल्ला, तिथून सूर्यास्त. सूर्य बुडाला की पाहुणे हॉटेलवर आणि आम्ही घरी.

स्टँडवर मात्र उजेड होता. राजापूर-लांज्याकडची माणसं गाठोडी उशाला घेऊन पडली होती, चहावाल्याच्या स्टोव्हचा सूं सूं आवाज चालू होता. पुतण्यानं पुडकं घेतलं, वास घेऊन हसला, आणि गाडी सुटली. आम्ही राम आळीतून मांडवीकडे वळलो. दुकानांची शटर खाली, मधे एका बेकरीच्या मागच्या दारातून पावाचा गरम वास. आतून एका पोरानं हाक मारली, "चाची, गुडघा कसा?" थोडं पुढे एका वॉचमननं काठी आपटून सलाम केला. पेठकिल्ल्याच्या वळणावर पोलिसांची गाडी हळू झाली. काच खाली आली. माझ्या छातीत धस्स झालं. दोन बायका, रात्रीचे पावणेदोन, काय उत्तर द्यायचं याची मी मनात जुळवाजुळव करायला लागले. आतला पोलीस म्हणाला, "काय चाची, आज भरती तीनला ना?" चाची म्हणाली, "हो बाबा." काच वर गेली. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चाचीबरोबर आहे म्हणजे कामाचीच असणार, एवढं त्याला पुरलं.

शिंजुकूच्या बाई आठवल्या. वाट दाखवणारं माणूस कसं असावं, याबद्दल माझं मत त्या वळणावर पक्कं झालं. इतिहास पाठ असलेला असो नसो, त्याला वाटेत हाका आल्या पाहिजेत. आता कोकणात जागोजागी पर्यटकांना फिरवणाऱ्या सहली निघतात, आणि उद्या कुणी मिरकरवाड्याची रात्रसफरही काढील. काढावी. पण चाचीसारखीच्या मागून चालावं आणि तिला तिच्या रात्रीचं मोल द्यावं. गाडीच्या काचेतून दिवे टाकत बंदरावर येऊ नये.

वाटेत मी तिला विचारलं, पहिल्यांदा रात्री केव्हा निघालीस? सोळाव्या वर्षी, सासूबरोबर. आठ-दहा जणी एका रांगेत चालायच्या, पुढचीच्या हातात कंदील. मी विचारलं, "भीती नाही वाटायची?"

"वाटायची तर. कुत्र्यांची. आणि भाव पडला तर, ह्याची."

"आणि लोकांची? रात्री फिरणारी बाई म्हणून कुणी बोलायचं नाही?"

ती थांबली. गुडघ्याला हात लावून उभी राहिली. "आम्हाला कोण बोलणार, बाय माझे? बोलले असते तर सकाळी मासे कुणी आणले असते?"

यावर मला काही बोलता येईना. बराच वेळ आम्ही नुसत्या चालत राहिलो. आमच्या फाटकाला कडी घालणारा तो नियम बायकांसाठी आहे असं मी जन्मभर समजत आले होते. चाचीही बाईच होती. ती ज्या रस्त्यानं रात्री दोनला जात होती त्याच रस्त्यानं मी संध्याकाळी सातला जायचं नाही, आणि ती त्या रात्रीतून जे घेऊन यायची ते आम्ही दुपारी पानात वाढून घ्यायचो. आईनं हे मुद्दाम केलं नाही, मला माहीत आहे. तिला माझी काळजी होती. पण चाचीच्या लेकीची काळजी करणारं आमच्या आळीत कुणी होतं का, हा प्रश्न त्या रस्त्यावर माझ्या पायांत अडकत राहिला.

बंदर आधी नाकाला लागतं. डिझेल, ओलं जाळं, बर्फ, आणि या सगळ्याखाली मासळीचा तो जुना, भिनलेला वास. मग आवाज. बर्फाची लादी यंत्रात घालून फोडतात त्याचा खडखडाट, टबांची घासाघास, टेम्पो मागे घेतानाची शिट्टी. मग एकदम उजेड आणि माणसंच माणसं. अडीच वाजले होते आणि तिथे भर दुपार होती. चाचीनं एका मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं. "हितं चहाचं दुकान होतं. हितं माझी बर्फाची पेटी असायची." बंदरातली अनधिकृत ठरलेली बांधकामं २०२५ च्या जानेवारीत पाडली, त्यात तेही गेलं. आता एक बाई सायकलीवर थर्मास घेऊन येते. तिच्याकडचा चहा आम्ही प्यायलो. चाची त्या मोकळ्या जागेकडे बघत प्यायली.

चहा संपल्यावर तिनं मला जेट्टीच्या टोकाला नेलं, जिथे दिवे संपतात. "आज तिथी कुठली?"

मी मनात मोजलं. "चतुर्थी. शुद्ध."

"मग भरती कवाची?"

मला येईना. तिनं शिकवलं. तिथीचे पाऊणपट करायचे. प्रतिपदेला पाऊण, द्वितीयेला दीड, तृतीयेला सव्वादोन. "चार पाऊण तीन." म्हणजे दुपारी तीनला भरती पुरी आणि पहाटे तीनला पुन्हा. दोन्ही पक्षांना हाच हिशेब. दर दिवसाला भरती पाऊण-एक तास पुढे सरकते ती यात आपोआप येते. पाऊणकीचा पाढा मी शाळेत घोकला होता, परीक्षेपुरता, आणि पुढे कॅल्क्युलेटर आल्यावर विसरलेही होते. चाची शाळेत गेली नव्हती. पाढा तिला सासूनं पाण्याकडे बघून शिकवला. भरतीच्या वेळेला एवढं महत्त्व का, तर बंदराच्या तोंडाशी गाळ साठतो. भारानं खोल बसलेल्या मोठ्या बोटी ओहोटीत आत घ्यायच्या म्हणजे तळ टेकायची धास्ती. त्या बाहेर थांबतात आणि पाणी चढलं की एकामागून एक आत येतात.

चवथीची कोर नऊ-सव्वानऊलाच बुडाली होती. समुद्र आणि आभाळ यांतली रेघ दिसत नव्हती. फक्त एके ठिकाणी, खूप लांब, क्षितिजावर पांढरट उजेड धरून राहिला होता, गावाबाहेरून शहराचा दिसतो तसा. मला वाटलं एखादं जहाज. चाची म्हणाली, "चांद नाय, जहाज नाय. एलईडी." पाण्यावर दिवे पाजळून मासळी ओढून घ्यायची ही पद्धत. केंद्र सरकारनं २०१७ मध्ये तिच्यावर बंदी घातली, तरी तो उजेड समोर होता. मोठ्या जाळ्यानं अख्खा थवा वेढून धरणाऱ्या पर्ससीनवाल्यांना राज्याच्या पाण्यात सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा, १ जून ते ३१ जुलै इंजिनाच्या सगळ्याच बोटींना बंदी, हे नियम चाचीला तिथीसारखेच तोंडपाठ आहेत. कारण त्यांवर तिच्या घरचं वर्षाचं गणित चालतं. तिचा नवरा छोट्या होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख होता. तिला त्या उजेडाचा राग होता, आणि रागापेक्षा जास्त काहीतरी होतं. "त्या उजेडाला पिल्लं पण येतात, बाय. मोठी येतात, पिल्लं पण येतात. मग पुढल्या वर्षाला काय?"

तिचा नवरा काळोखात मासे शोधायचा. मी विचारलं, काळोखात कसे दिसणार? ती म्हणाली, थांब, बोट येऊ दे.

तीनला दहा मिनिटं असताना पहिली बोट आली. आधी इंजिन ऐकू आलं. तीच धडधड, माझ्या पांघरुणातली, पण आता जवळून, छातीत घुमणारी. पुढचा लाल-हिरवा दिवा दिसला. आणि मग मी पाणी बघितलं. बोटीच्या नाळेखालून, म्हणजे पुढच्या टोकाखालून पाणी दुभंगत होतं तिथे ते हिरवट निळं पेटत होतं. दोन्ही बाजूंना उजळ पात्यासारख्या दोन रेघा मागे सरकत होत्या, रुंद होत होत्या आणि विझत होत्या. बोट वळली तशा त्या रेघाही वळल्या. जेट्टीच्या खांबाला लाट लागली तर खांबाभोवती क्षणभर उजेडाचं कडं. नॉक्टिल्युका नावाचा सूक्ष्म जीव पाण्यात वाढला की असं होतं. थंडीच्या दिवसांत कोकणच्या किनाऱ्यावर निळ्या लाटा बघायला आता लोक मुद्दाम येतात. पाणी ढवळलं की तो चमकतो, एवढं मी वाचलेलं होतं. चाची म्हणाली, बांगड्याचा, तारलीचा थवा पाण्याखालून गेला की असाच उजळतो. तिचा नवरा होडीच्या नाळेवर पालथा पडून बघायचा, आणि त्या उजेडाच्या हलण्यावरून थवा केवढा, चाललाय कुठे, हे हातानं खुणावायचा. पुनवेच्या आसपास ते दिसत नाही, चांदणं ते पुसून टाकतं. "म्हणून काळोखाचे दिवस आमचे," ती म्हणाली. तिनं खाली वाकून एक शिंपला उचलला आणि पाण्यात टाकला. पडला तिथे एक हिरवी फुली उमटली आणि गेली. आम्ही दोघींनी मग पुष्कळ शिंपले टाकले.

मी वडिलांचा विचार करत होते. त्यांनीही हे पाहिलं नसणार. ते कोर्टात कारकून होते, पहाटे पाचला उठायचे, आणि होड्या निघाल्या एवढं झोपेत म्हणून कुशीवर वळायचे.

बोट धक्क्याला लागली आणि एकदम सगळं धावायला लागलं. टब खाली यायला लागले, बांगडा, म्हाकूल, राणीमासा, मधेच एक भली मोठी सुरमई, जिला बघून सगळे क्षणभर बाजूला झाले. खलाशांत निम्मे नेपाळी. समुद्र नसलेल्या देशातली ही पोरं इथे येऊन जाळी ओढतात, हे मी ऐकून होते. दोरखंड गुंडाळून टेकलेल्या एकाशी बोलले. वीस-बावीसचा. त्याच्या मनगटावर घड्याळ होतं, त्यात तीन वाजून पंचवीस मिनिटं, माझ्या फोनवर तीन दहा. मी म्हटलं, घड्याळ पुढे आहे तुझं. तो म्हणाला, पुढे नाही, घरचं आहे. नेपाळची वेळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे. इथल्या कामाच्या वेळा तांडेल सांगतो, त्या हाकेवर चालतात. घड्याळ त्यानं आईसाठी ठेवलंय, ती केव्हा उठली असेल, गोठ्यात केव्हा गेली असेल हे कळायला. सांगून त्यानं काचेवर बसलेलं माशाचं खवलं नखानं अलगद काढलं.

लिलावात चाची बदलली. गुडघ्याचं दुखणं कुठच्या कुठे गेलं. पुरुषांच्या घोळक्यात ती कोपरानं वाट काढत पुढे शिरली, टबात हात घालून खालचा बांगडा वर काढला, कल्ला उघडून लाल बघितला, अंगठ्यानं पोट दाबलं. बुधवारची पहाट होती. मंगळवारी निम्मं गाव मासे खात नाही, म्हणून बुधवारी मागणी चढी. तीस किलोचा टब अठ्ठावीसशेला पुकारला. बोली वर जात होती आणि चाचीची नुसती हनुवटी हलत होती, एवढीशी, मला जवळून दिसत होती म्हणून कळलं. छत्तीसशेला तो तिच्याकडे आला. तिघी जणींनी मिळून घेतला. दहा किलो, बाराशे रुपये. बर्फाचे साठ. रिक्षाचे दीडशे. मी मनात बेरीज करत होते, सवय नसल्यानं हळूहळू. चौदाशे दहा. किलोमागे एकशेएक्केचाळीस, तेही एकही मासा खराब न निघता, आणि रात्रीच्या जागरणाचा एक पैसा न धरता.

साडेपाचला आम्ही रिक्षानं निघालो. पायाशी बर्फातले बांगडे, माझ्या स्वेटरच्या बाह्या ओल्या. आमच्या आळीत आलो तेव्हा पूर्वेला फटफटत होतं. आई ओट्यावर बसली होती, शाल पांघरून. केव्हापासून बसली होती ते तिनं सांगितलं नाही. फाटक वाजलं तसं तिनं वर बघितलं, मला डोक्यापासून पायापर्यंत एकदा पाहून घेतलं, आणि मग चाचीला म्हणाली, "कसा दिलास बांगडा?"

"शंभरला चार, वयनी."

"पाच दे."

बावीस वर्षं हे असंच चालत आलं होतं आणि मी प्रत्येक वेळी आईच्या बाजूनं उभी असायचे. चार बांगडे म्हणजे सहाशे ग्रॅमच्या आसपास. पाच दिले तर ती मुद्दलातच जाते. हे गणित मला त्या सकाळी पहिल्यांदा येत होतं. "चारच घेऊ, आई," मी म्हटलं. आईनं माझ्याकडे बघितलं, मग ताटाकडे. हुज्जत घातली नाही. चाचीनं चार मोजले, आणि ताटात पाचवाही ठेवला. "हा पोरीचा. रात्रभर चालली माझ्यासंगं."

आईनं ताट जवळ ओढलं. बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. "काल चतुर्थी लागली ना? म्हणजे तीनची भरती मिळाली तुम्हाला."

चाची हसली. मी आईकडे बघतच राहिले. "तुला कसं ठाऊक?"

"पडाव अडकला होता आमचा," आई म्हणाली. "पाणी चढेपर्यंत बसून होतो सगळे, मांडवीसमोर, काळोखात. तेव्हा त्या नावाड्यानं शिकवलं. मला करमावं म्हणून." ती उठली, भिंतीला टेकून ठेवलेली विळी घेतली आणि मागच्या दारी बांगडे साफ करायला बसली. चाची तिच्या शेजारी पायरीवर टेकली. मी आतून पाण्याची घागर आणली.